एकशेसाठ पेड

फीट येण्याआधी लवंगी भिंतीकडं बघत बसते.
सुभाषनगरातली आमची खोली, भिंतीवर बघण्यासारखं काही नाही,
एक खिळा, आणि दोरीत ओवलेले तळवे.
मग लाळ सुटते. मग माझ्या पायांत येऊन
हुंगत राहते, काहीतरी हरवल्यासारखी.

पहिल्या वेळी हे मला कळलंच नव्हतं.
धप्पकन कुशीवर पडली, पाय सायकल मारल्यासारखे,
जबडा टकटक, डोळे उघडे पण आत कुणी नाही,
खाली मुताचं थारोळं.
हौसाक्का पळत आल्या, हातात चप्पल,
"नाकाला लाव गं, लगीच शुद्धीवर येतंय बघ."
चप्पल आमचीच. कापशी. वेणी मीच घातलेली.

शेणोलीकर डॉक्टर म्हणाले, चप्पल नको, कांदा नको,
तोंडात चमचा तर नकोच, बोटं जातील.
जीभ गिळतात, ही नुसती म्हणायची गोष्ट.
आरी, रापी, दगड, सगळं लांब सारा.
दिवा मालवा. आणि वेळ मोजा.
पाच मिनिटांच्या वर गेली
की रिक्षात घाला, उजाडायची वाट बघू नका.
शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तरी तेच.

अंधारात घड्याळ कुठलं दिसतंय.
मी मनात वेणी घालते :
एक पेड वर, एक खाली, ओढ.
सेकंदाला एक. चाळीस वर्षांचा हात आहे.
काल एकशेसाठला थांबली.
वहीत लिहिलं : पावणेतीन. दोन मिनिटं चाळीस.
खाली, जरा बारीक अक्षरात :
काल रात्रीची गोळी चुकली. दत्तवाडला बारशाला गेले होते.

उठते ती परगावाहून आल्यासारखी.
पिंपाला धडकते, दाराला धडकते,
एकदा तर माझ्यावरच गुरगुरली.
मी लांब बसते. नाव घेत राहते, हळू.
अर्ध्या तासानं शेपटी हलते, एकदाच,
आणि मग भूक, अशी भूक की ताटली सरकत जाते.

सुंद्रामावशी मांडवात पडली होती, धाकट्या मामाच्या हळदीत.
माणसांचं रिंगण. कुणीतरी ओरडलं, चप्पल आणा.
मी सात वर्षांची. पळाले.
ढिगातली सगळ्यात जुनी, घाण वास येणारी
शोधून आणली, शहाण्यासारखी.
मावशीनं डोळे उघडले तेव्हा
हिरव्या साडीवर ओल पसरलेली, बायका तोंडाला पदर लावून,
आणि समोर मी, हातात चप्पल.
तिनं माझ्याकडं पाहिलं होतं. ओळखलं की नाही,
कोण जाणे.
किती वेळ चाललं होतं, तेही कुणी मोजलं नाही.

सकाळी आठ, रात्री आठ.
गोळी भाकरीच्या तुकड्यात, वर लोणी.
लवंगी भाकरी खाते, लोणी चाटते,
गोळी तेवढी जिभेनं बाजूला काढते
आणि नेमकी नव्या जोडातल्या डाव्या पायात
नेऊन ठेवते.
मी उचलते. पुसते.
पुन्हा लोणी लावते.