राणी नसलेल्या पेटीचा आवाज

लिएपायात वारा दार वाजवत नाही,
सरळ आत येतो आणि माइकसमोर बसतो.
म्हणून खिडकीला मी दोन घोंगड्या ठोकल्यात,
हीटर बंद ठेवलाय,
आणि आउस्माबाई कोट घालूनच वाचतात,
अंधांच्या वाचनालयासाठी,
मधमाश्या पाळण्याचं सहाशे पानी पुस्तक.

तरी रेकॉर्डिंगमध्ये काय काय सापडतं:
तळमजल्यावरच्या बेकरीचा फ्रीज,
वळणावर ट्रामचं कण्हणं,
कवळीची टकटक,
आणि स्वल्पविरामापाशी
विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढलेला श्वास.

हिशेब इनेसेकडे. ती म्हणाली,
"एकच सॉफ्टवेअर घ्यायचं. नीट बघून घे.
पुन्हा पैसे मिळणार नाहीत."

तीन आठवडे मी चाचणीच्या मुदतींवर जगलो.
एक फुकटचं होतं, सुपासारखं;
पाखडायचं आपणच,
आणि हात भरून आले तरी खडे उरायचेच.
एक महिन्याच्या भाड्याचं.
भाडं थकलं की आपल्याच फायलींना कुलूप
(आमचा घरमालक निदान नाताळात बटाटे तरी देतो).
आणि एक महागडं. त्यात एकच बटण.
दाबलं की फ्रीज नाही, ट्राम नाही, कवळी नाही,
वारा तर जणू जन्मालाच आला नव्हता.

ते मी इनेसेला ऐकवलं.
तिने पेनाचं टोपण काढलं.

सही व्हायच्या आत वाल्दिस आले.
जन्मापासून अंध. गावाबाहेर त्यांच्या
मधमाश्यांच्या अकरा पेट्या.
हेडफोन लावले, मान तिरपी केली,
आणि चहा निवेपर्यंत गप्प.

"ही बाई कोण?"
आउस्माबाईच, मी म्हटलं.
"छे. हिने उभ्या जन्मात सफरचंद खाल्लेलं नाही.
बरं, असू दे. एकशे बारावं पान लाव.
तिने फोनवर सांगितलंय, तिथे काहीतरी आहे."

एकशे बाराव्या पानावर
बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं होतं, मला आठवतं.
राणी मेलेली पेटी कशी घुमते,
हे यात नुसतं लिहिलंय, त्या म्हणाल्या होत्या,
लिहून काय कळणार?
आणि ओठ मिटून स्वतःच घुमल्या,
खालच्या पट्टीत, लांबवर,
कर्तं माणूस गेलेल्या घरात
दुसऱ्या दिवशी कुजबुज चालते तशा.

हेडफोनमध्ये त्या जागी
बावीस सेकंद काहीच नव्हतं.

बटणाला वाटलं, विजेची गुणगुण.
तणाबरोबर रोपही उपटलं,
आणि वर माती सारखी करून ठेवली.

वाल्दिस हसले नाहीत, चिडलेही नाहीत.
"मे महिन्यात पेटीला कान लावून
मला नेमकं हेच ओळखायचं असतं," ते म्हणाले.
"तुम्ही झाकण उघडून बघता.
मी काय बघू?"

इनेसेने टोपण परत लावलं.

म्हणजे आता फुकटचं.
रात्री पडद्यावर बाईंचा आवाज पसरतो,
काळ्यावर केशरी.
फ्रीजच्या रेघा एकीवर एक, पट्टी लावून आखलेल्या;
त्यांच्या मधोमध बाईंची एक, थरथरती.
यंत्राला दोन्ही रेघाच.
मी बारीक कुंचला घेऊन बसतो,
यांतली एक पुसतो, तिला धक्का लागू देत नाही.
तासाभरात चार मिनिटं होतात.
कवळीच्या टकटकीतल्या फार मोठ्या तेवढ्या काढतो.
श्वास राहू देतो;
वाल्दिस म्हणतात, तिथे तेही दम खातात.

पाचशे पानं बाकी आहेत.

काल शेवटी जिना उतरलो,
बेकरीवाल्याला विचारलं,
दुपारी दोन तास फ्रीज बंद ठेवता येईल का?
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काचेबाहेर.
"उणे सहा आहे," तो म्हणाला.
"लोणी खिडकीत ठेवतो.
आधी का नाही विचारलंत?"