निळी लोकर

धनकवडीत, चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली
मी नऊ सोसायट्यांचे जमाखर्च लिहिते.
एप्रिल संपता संपता स्लॅब
दिवसाचं ऊन रात्री अकरापर्यंत
हप्त्याहप्त्यानं परत करत बसतो.
लॅपटॉप त्याचाच धाकटा भाऊ.

दीड वाजला की घरघरतो.
आधी मांजरासारखा,
मग कात्रजच्या चढाला लागलेल्या बससारखा.
की-बोर्डच्या डाव्या अंगाला तवा तापतो,
'एस'वर बोट टेकवत नाही,
आणि सिंकिंग फंड लिहायला एस तर लागतोच.
मग पडदा काळा.
एक ते चार विश्रांती.
पुण्यात राहून यंत्रानं दुसरं काय शिकायचं!

उपाय केले.
चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची चार झाकणं.
ती सरकली, म्हणून पोळ्यांची जाळी.
त्या रात्री पोळ्या ताटातच घामाघूम.
टेबलफॅन लावला, तर पावत्या उडाल्या,
बी विंगची पाणीपट्टी थेट खालच्यांच्या कुंडीत.
खिडकीला ओला पंचा.
देवस्थळीकाकू म्हणाल्या, फडक्यात बर्फ बांधून ठेव खाली.
म्हटलं, काकू, ताप उतरवायचाय,
त्याचे दिवस नाही घालायचे.

शेवटी बुधवार पेठ.
पासोड्या विठोबाच्या अलीकडे, जिन्याखालचं दुकान,
जयमाला ओव्हाळ.
तिनं अकरा स्क्रू काढले,
निघाले त्या क्रमानं चहाच्या बशीत मांडले,
पाठ उघडली
आणि हलकेच शिट्टी वाजवली.

"गादीवर ठेवून काम करता ना?
ह्याचं नाक खाली असतं, ताई.
तुम्ही उशी दाबून धरलीत."

काडीनं पातं अडवून
दाढीच्या ब्रशनं तिनं पंखा झाडला.
जाळीतून अंगठ्याएवढी चिंधी निघाली:
धूळ, पेन्सिलीचा भुगा,
आणि लोकर. निळी.

माझ्या घरात निळी लोकर नाही.
मी विणत नाही, मला कुणी विणून देत नाही.
तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतला हा,
विकणारा एवढंच म्हणाला होता,
एकाच हातचा आहे.
म्हणजे तीन वर्षं
माझ्या आकड्यांची सगळी धाप
कुणाच्या तरी स्वेटरमधून गाळून बाहेर पडत होती.
आणि त्या हाताला
कुठल्या गावची थंडी होती कोण जाणे,
मला चटका बसतो तिथेच
तो शेकून घेत असेल.

जयमाला जुनी पेस्ट पुसत होती,
वाळून खडू झालेली.
नवी लावली मसुराच्या दाण्याएवढी.
"लोक टूथपेस्टसारखी फासतात."
सहाशे रुपये. सवयीनं पावती मागितली.
चिंधीही मागितली.
तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं,
आणि जुन्या बिलाच्या पुडीत बांधून दिली.

आता तो गप्प असतो.
इतका, की गच्चीवरची टाकी
भरून वाहू लागलेली ऐकू येते.
ताळेबंदात चौदा रुपयांचा फरक येतोय,
सापडेल.
पुडी ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरच्या पिनांशेजारी.

डिसेंबरात एखाद्या पहाटे बोटं वळेनाशी झाली
तर जाळी बाजूला काढीन,
थोडा वेळ मांडीवर घेईन त्याला.
जयमालाला सांगायचं नाही.