नंतरचा मार

रात्री सव्वादहाला उद्यमनगरातली शेवटची लेथ थांबते
आणि मी गल्ला पालथा करते
कालच्या पेपरावर.
कटाचा वास नाण्यांनाही लागलेला असतो.

आधी सनाखाली बघायचं.
चांदणी असली तर हैदराबाद,
टिंब नोएडाचं, चौकोनी हिरा मुंबईचा.
कोलकात्याची खूणच नसते,
घरचं माणूस दार वाजवत नाही तसं.
मग चिमटीत धरून उभं फिरवायचं;
सिंह ताठ आले पाहिजेत.
कलले, तर साचा फिरलेला.

आज दोनशे बारा नाण्यांत एक निघालं:
रुपया, छाप सरकलेला,
एका अंगाला नखाएवढी कोरी कोर
आणि ‘भारत’ची शिरोरेघ कडेबाहेर कुठंतरी
टाकसाळीच्या फरशीवर राहून गेलेली.

अण्णांना दिलं.
सव्वीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत इन्स्पेक्शनला होते,
भिंग घेत नाहीत.
कड चाचपली उजव्या अंगठ्यानं,
ज्याला नख नाही.
‘मार न्हवं ह्यो, आक्के.
मार बसला की अक्षरं चेंबत्यात.
हितं धातू निवांत हाय.
जल्मल्यापास्नंच सरकलंय.’

मग मी ते दुसरं पुढं केलं,
पाचाचं, एका बाजूनं चेपलेलं,
ज्याचे गुजरीतल्या पोरवालांना मी
दोनशे मागितले होते
आणि ते हसले होते:
‘ताई, हे टाकसाळीत नाही झालं,
तुमच्या उद्यमनगरातच झालंय, व्हाइसमध्ये.’

अण्णांनी ते जास्त वेळ धरलं.
‘ह्याला काय म्हनत्यात तुमच्यात?’
‘नंतरचा मार.
चूक मशिनची असेल तरच किंमत येते.
माणसानं केलेलं धरत नाहीत.’

‘हं,’ म्हणाले.
कंपनीच्या कागदावरही तेच होतं,
पॉवर प्रेसखाली अंगठा गेला त्या वर्षी:
मशिन तपासले. दोष नाही.
मी तेव्हा पाचवीत होते, मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

सकाळी रुपया डबीत होता, कापसात.
पाचाचं नव्हतं.
अण्णा कोपऱ्यावरनं चहा पिऊन आले,
चपला काढता काढता म्हणाले,
‘चाललं की.
त्यानं बघितलंबी न्हाई.’