कोणतं बटण कुणाचं

चेंबूर कॅम्पात, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर आमची खोली.
दुपारी चारला कुणाची ज्वारी पडली दळणात
की टेबल थरथरतं, माउसचा बाण आपसूक सरकतो,
आणि पडद्यावर मी
केसाच्या दहा हजाराव्या भागाइतका अचूक
आरसा बसवत असतो.

एल्विना म्हणते, गिरणीचंही नाव घाल श्रेयनामावलीत.

खेळ मुलांसाठी. वय नऊ ते बारा.
पहिली पातळी : दुर्बिणीची घडी उलगडा.
पाच पडदे, पतंगाच्या कागदासारखे,
एक अडकला की सगळंच अडकलं.
दुसरी : उन्हाकडे पाठ करा
आणि पाठच ठेवा, जन्मभर.
तिसरी : थंड व्हा.
(ही आम्ही मे महिन्यात लिहिली, एसी बिघडलेला असताना,
मनापासून लिहिली.)

चौथीला सात आठवडे गेले.
अठरा षटकोनी आरसे, प्रत्येकाची मान ज्याच्या त्याच्या दिशेला,
म्हणून एकच तारा अठरा ठिकाणी दिसतो.
खेळणाऱ्याने त्यांचा एक करायचा.
मी बाण दिले, आकडे दिले, मदतीला बोलका रोबो दिला –
त्याला आवाज एल्विनाच्या भावाचा, त्या दिवशी सर्दी झालेला.

शनिवारी माहूलगावच्या शाळेत नेला.
घरत बाईंनी सहावीच्या सहा मुली दिल्या
आणि चाळीस मिनिटं.
हेमांगी वैतीने घडी उलगडली, पाठ फिरवली, गार केलं,
चौथ्या पातळीवर अठरा ठिपके पाहिले
आणि टॅब्लेट बाकावर ठेवला.
"झालं."
झालं कसं? त्यांचा एक करायचाय.
"एक कशाला? अठरा चांगले आहेत की."

मी वहीत लिहिलं : सूचना अस्पष्ट.
मग खोडलं.
हिच्या आभाळात रात्री रिफायनरीची ज्योत,
क्रेनवरचे लाल दिवे, उतरायला टेकलेली विमानं.
अठरा तारे एकदम मिळालेत,
ते सोडून एक घे म्हणून सांगणारा मी कोण?
रोबोला पुढे केलं. तो शिंकल्यासारखा बोलला.
मुली हसल्या ते थांबेनात.

तेवढ्यात पंखा बंद पडला.
त्या वर्गाच्या बोर्डावर चौदा बटणं,
रंगकामानंतर वायरी कशाही जोडलेल्या,
कोणतं कुणाचं कुणालाच ठाऊक नाही.
बाई म्हणाल्या, हेमांगी, बघ गं.

ती बाकावर चढली.
एक दाबलं, मान वर. ट्यूब. बंद केली.
दुसरं. मागचा पंखा, कुरकुरला. बंद.
तिसरं. काहीच नाही.
चौथं.
दाबायचं आणि वर बघायचं, काय हललं.

खाली उतरली, हात फ्रॉकला पुसले,
टॅब्लेट घेतला, कुणी सांगितलं नव्हतं,
पहिला आरसा बोटाने जरासा डिवचला.
अठरातला एक ठिपका हलला.
"हा ह्याचा."
दुसरा डिवचला.
"हा ह्याचा."

पंधरा लाख किलोमीटरवरच्या आरशांना
जमिनीवरून असंच हलवून हलवून ओळखतात.
मी ते वाचलं होतं, नकाशा काढला होता, बाण रंगवले होते.

एकावर एक सगळे आले तेव्हा ती जरा नाराज दिसली.
"बाकीचे सतरा?"
त्याच्यातच आहेत, म्हटलं.
तिने टॅब्लेट डोळ्याजवळ नेला, लांब धरला.
"हां. ठळक झालाय."

रोबो काढून टाकला. आकडेही.
आता चौथ्या पातळीआधी एक भिंत येते,
पोपटी रंगाची, तिच्यावर चौदा बटणं.
तिसऱ्याने काहीच होत नाही.
ते मुद्दाम ठेवलंय, कारण निघताना मी विचारलं होतं,
ते फुकटचंच आहे ना गं?
आणि हेमांगी म्हणाली, फुकटचं कसं,
त्याने सातवीतला पंखा लागत असेल.

खेळ तपासणाऱ्या मोठ्या माणसांनी
तिसरं बटण दोष म्हणून नोंदवलंय.
तीनदा स्मरणपत्र आलं.
मी अजून उत्तर दिलेलं नाही.
खाली कुणाचीतरी ज्वारी पडली आहे.