असावा

तार्तूत नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
संध्याकाळच्या वर्गात आर्वो
(एकतीस वर्षं बस चालवली, आता गुडघा साथ देत नाही)
पडद्यावरची लाल ओळ बोट ठेवून वाचत होता:
‘अनपेक्षित चिन्ह. ओळ एकेचाळीस.’

एकेचाळिसाव्या ओळीवर काहीच नव्हतं.
फाइलच तिथे संपत होती.

त्याने पडद्याची माफी मागितली.
हळूच, गणवेशातल्या आवाजात,
चुकीच्या थांब्यावर उतरवलेल्या प्रवाशाची मागावी तशी.

मी मागे उभी होते.
ते वाक्य माझं.
नऊ वर्षांपूर्वीचं, जेवायला जायच्या घाईतलं.
अनपेक्षित कोणाला?
माझ्या पार्सरला.
त्याच्या अपेक्षा आर्वोला कोणी कळवल्या होत्या?

रात्री बसले, खोडलं, लिहिलं:
‘सहाव्या ओळीवर हा महिरपी कंस उघडलात.
तो मिटायचा राहिला असावा.’

पिरेट म्हणाली, ‘असावा’ काढ.
यंत्राने ठाम बोलावं.
म्हटलं, पण मला तरी कुठे ठाऊक आहे?
राहिला असेल,
नाहीतर मुळात उघडायचाच नसेल.
अंदाज आहे, तर अंदाजासारखा दिसू दे.
एका शब्दावरून तास गेला,
चहावर साय धरली.
शब्द राहिला.

गुरुवारी आर्वो पुन्हा चुकला.
वाचलं. वर सरकला, सहाव्या ओळीपर्यंत.
‘हं,’ म्हणाला,
आणि कंस मिटला,
आरशात बघून बसचं दार लावावं
तसा.

माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.