स्टिल

मंगळवारी संध्याकाळी सातला, वाचनालयाच्या वरच्या खोलीत,
हीटर ठकठक करत तापायला लागतो
तेव्हा मी फळ्यावर एकच शब्द लिहिते.
आज लिहिला: स्टिल.

मला तो कुणी शिकवला नव्हता.
डंगॅननमध्ये जन्मले, इथेच दात आले,
इथेच पडले, इथेच नवे बसवून घेतले,
आणि साठ वर्षं हा शब्द गोळीसारखा
गालात घोळवत आले, आत काय आहे
ते एकदाही चावून न बघता.

कोंबड्यांच्या कारखान्यातून थेट येतात सगळे.
हात घासून धुतलेले, तरी ब्लीचचा वास
बाकाबाकांवर त्यांच्याआधी येऊन बसतो.
रिमांतास मान मोडून लिहितो, मग वाचतो:
माझी बायको स्टिल रागावलेली आहे.
बरोबर. कधीपासून?
सोमवारपासून, टीचर.
स्तोयानला शब्द कुठे ठेवायचा ते कळत नाही,
तो ठेवतो शेवटी, वाक्याच्या बाहेर,
दाराशी ओली छत्री ठेवावी तसा.
मी राहतो त्याच खोलीत, स्टिल.
आत आण त्याला, मी म्हणते,
क्रियापदाच्या अलीकडे. हां. तिथे.

जे थांबलेलं नाही ते स्टिल, मी सांगते.
पाऊस. घरभाडं. माझा गुडघा.
त्यांना लगेच पटतं. गुडघे सगळ्यांनाच आहेत.

एर्मेलिंडा मागच्या बाकावर.
तिमोरची. वहीत प्रत्येक शब्दापुढे
तिच्या भाषेतला शब्द, पेन्सिलीनं,
चुकला तर खोडता यावा म्हणून.
स्टिलपुढे लिहिलं होतं: सेई.
मी विचारलं, सेई म्हणजे?
जे अजून आहे ते सेई, ती म्हणाली,
आणि जे पुढे होणार आहे तेही सेई.
एकाच शब्दात भागवता? काटकसरी आहात.

ती हसली नाही.
उठून उभी राहिली, मी कितीदा सांगितलंय बसून बोल,
आणि म्हणाली, टीचर, एक वाक्य बघा, बरोबर आहे का:
ही इज व्हेरी स्टिल टुडे.

कुणाचं वाक्य?

हॉस्पिटलमधल्या बाईचं. मशीनवालीचं. मार्चमधलं.
पोटावर गार जेल, पडद्यावर करडं करडं काहीतरी,
ती बाई हळू आवाजात एवढंच म्हणाली
आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.
मला शब्द ओळखीचा होता, टीचर.
बसमध्ये ऐकलेला, कारखान्यात पट्ट्यापाशी ऐकलेला.
सेई. तो आहे अजून. खूप आहे. होणार आहे.
मी नवऱ्याला फोन लावला.
भिंतीवर घड्याळ होतं.
अकरा मिनिटं मी खूश होते.

रिमांतासनं पेनचं टोपण लावलं,
ते लागल्याचा आवाज आला.
मी तोंड उघडलं ते व्याकरणानं उघडलं:
वाक्य बरोबर आहे, एर्मेलिंडा.
मग दुसरा अर्थ सांगितला, न लिहिलेला,
कारण पुस्तकात तो पुढच्या धड्यात येतो,
तळ्याच्या चित्राखाली.
पाणी, मी म्हटलं. वारा नसताना.
आणि पुढे काही सुचेना.

तिनं मान हलवली. तो अर्थ तिला माहीत होता,
मार्चपासून माहीत होता.
तिला एवढंच विचारायचं होतं
की तिनं लावला तो अर्थ चूक होता,
की नुसता त्या वाक्यात बसत नव्हता.

चूक नव्हता, मी म्हटलं.
ती खाली बसली. सेईच्या शेजारी
पेन्सिलीनं आणखी काही लिहिलं.
आधीचं खोडलं नाही. काय लिहिलं
ते मी वाकून पाहिलं नाही.

नंतर आम्ही तळ्याच्या चित्राचा धडा उघडला, मिटला.
शेवटची बस आठ चाळीसला.
जिना उतरताना कुणीच बोलेना,
आणि शांतता ज्याला अजिबात सोसत नाही
तो स्तोयान दारातून हात बाहेर काढून म्हणाला,
पाऊस पडतोय, स्टिल.

शब्द पुन्हा शेवटी, वाक्याच्या बाहेर.
या वेळी मी तो आत आणला नाही.