तिकीट : एक लाकूड

चियातुरात त्या हिवाळ्यात
पैसे कुणाकडेच नव्हते,
म्हणून तिकिटाला एक लाकूड.
दारावर खडूनं लिहिलेलं : ओलं चालणार नाही.

खाणकामगारांच्या क्लबाच्या तळघरात
गुरामला डबे सापडले होते,
अठ्ठावीस चित्रपट, सगळे परदेशी.
फेब्रुवारीचे दिवसही अठ्ठावीस.
गुराम म्हणाला, देवानं हिशेब करूनच पाठवलेत.

वीज सातला यायची, कधी नऊला,
कधी यायचीच नाही.
रोपवेचे पाळणे दरीवर तसेच लटकलेले,
आम्ही डोंगरावरून पायी उतरायचो
काखेत एकेक लाकूड घेऊन,
नाकात मँगेनीजची काळी धूळ.

भाषा कळायची ती फक्त वार्लाम मास्तरांना,
तीही सगळी नाही.
पडद्याच्या बाजूला स्टूल, काखेत बॅटरी, मांडीवर कागद.
सगळ्यांचे संवाद तेच बोलायचे.
नायिका तेच, दरोडेखोर तेच,
पाच वर्षांचं पोर तेच,
विहिरीतून वर येणारं भूतही तेच.
मास्तरांना सर्दी झाली
तेव्हा भुतालाही झाली.

पहिला आठवडा घोड्यांचा, बंदुकांचा.
“एवढ्या उतारावर घोडा असा वळत नाही,”
वाझा मोठ्यानं म्हणाला. त्याच्याकडे घोडा होता,
म्हणून कुणी वाद घातला नाही.
मग भयपट आले.
आम्ही फारसे घाबरलो नाही :
त्या झपाटलेल्या घरात
प्रत्येक खोलीत दिवा होता.
संगीतपटात मास्तर नुसतं सांगायचे, “आता गातायत,”
आणि चहा प्यायचे.
यानातून माणसं परग्रहावर उतरली
तेव्हा लामारा काकूंनी विचारलं,
“तिकडे पाव कोण भाजतं?”
मास्तर म्हणाले, ते कागदात नाही.

अकराव्या रात्री
खुनी कोण ते कळायच्या आत वीज गेली.
मास्तर थांबले नाहीत.
मिट्ट काळोखात वाचत राहिले
आणि खुनी निघाला आमच्या खाणीचा डायरेक्टर.
एवढ्या टाळ्या त्या महिन्यात
पुन्हा कशाला पडल्या नाहीत.

तेविसावा चित्रपट.
ती भाषा मास्तरांनाही येत नव्हती, डब्यात कागदही नव्हते.
पडद्यावर एक बाई स्वयंपाकघरात
बटाटे सोलत बसलेली.
बराच वेळ मास्तर गप्प. मग म्हणाले :

“इथे समुद्र आहे, पण मला तो रविवारीच दिसतो.
म्हातारी मला भलत्याच नावानं हाक मारते,
मी ओ देते.
राखाडी स्वेटर पेटीत तळाशी आहे.
घेवड्यात मीठ शेवटी घाल,
आधी घातलंस की शिजत नाही,
किती वेळा सांगितलं.”

सूर्यफुलाच्या बिया फोडायचा आवाज थांबला.
सियाला ऑक्टोबरमध्ये ग्रीसला गेली होती,
कुणाची तरी आई सांभाळायला.
तिची पत्रं बसच्या ड्रायव्हरकडून यायची
आणि मास्तर ती कुणाला दाखवत नसत.
रीळ संपलं. पांढरा पडदा थरथरत राहिला,
गुराम दुसरं चढवायचंच विसरला.
शेगडीत माझं लाकूड जळत होतं,
जर्दाळूचं. मला वासावरून कळलं.

नंतरचे पाच चित्रपट
मला एकही आठवत नाहीत.

आता मी थेसालोनिकीत.
समुद्र मलाही रविवारीच.
रात्री दोनला किरिया एवांथियाची कूस बदलली,
टीव्ही लावला, आवाज बारीक,
तर तीच बाई. तेच बटाटे.
चार मिनिटं ती बसते
आणि एक शब्द बोलत नाही.
खाली अक्षरांची पट्टी रिकामी.
सुरीचा आवाज, नळाचा,
बाहेरून कुठूनतरी कुत्र्याचा.

माझ्या तोंडून निघून गेलं, आमच्या भाषेत,
मास्तरांसारखंच सपाट :
मीठ शेवटी घाल.

म्हातारी जागीच होती.
“कुणाशी बोलतेस, मारिया?”
माझं नाव मारिया नाही.
“मी नाही,” म्हटलं, “ती बोलतेय,”
आणि आवाज थोडा वाढवला.